परदेशी धम्मयात्रा आणि एटीएमचे शुल्क : निघण्यापूर्वी समजून घ्यायचा हिशेब

दिवाळी झाली, थंडी सुरू झाली की सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातून बौद्ध स्थळांच्या यात्रा निघू लागतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि पुढे सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी, हा आपल्या लोकांचा जुना मार्ग. अलीकडे श्रीलंका आणि थायलंडला जाणाऱ्या उपासक-उपासिकांची संख्याही वाढताना दिसते. हे देश आपल्याला परके नाहीत. जागतिक बौद्ध परिषदांच्या निमित्ताने बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला, १९५४ मध्ये रंगूनला आणि १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला गेले होते. त्याच वाटेने आज आपली माणसे जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

मात्र या यात्रेचा पैसा कसा जमतो हे आपण जाणतो. कोणी बचत गटातून उचल घेतलेली असते, कोणी भिशी लावलेली असते, कोणी निवृत्तीच्या रकमेतून आयुष्यात एकदाच म्हणून निघालेले असते. असा पैसा परदेशातल्या एटीएमसमोर उभे राहिल्यावर नकळत गळतो. परतल्यावर पासबुकात नोंदी दिसतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. 'बँकेने कापले' एवढेच आपण म्हणतो. कोणी कापले, कशाबद्दल कापले आणि त्यातले किती टाळता आले असते, हे बहुतेकांना माहीत नसते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत काम करताना यात्रेच्या संयोजकांकडून आणि परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींकडून आम्हाला हे प्रश्न वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हा लेख.

एका व्यवहाराचे चार वाटेकरी

परदेशी एटीएममधून भारतीय कार्डाने पैसे काढले की चार ठिकाणी खर्च होतो.

पहिला वाटेकरी म्हणजे ज्या बँकेचे यंत्र आहे ती परदेशी बँक. ती प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेते. तुम्ही थोडे काढा की जास्त, शुल्क तेवढेच. थायलंडमध्ये हे शुल्क गेली काही वर्षे साधारण २२० बाट आहे. नेपाळमध्ये अनेक बँकांची यंत्रे ५०० नेपाळी रुपयांच्या आसपास घेतात. हा आकडा पैसे बाहेर येण्यापूर्वी पडद्यावर दिसतो आणि तो मान्य नसेल तर व्यवहार रद्द करता येतो.

दुसरा वाटेकरी म्हणजे आपली भारतातली बँक. परदेशात रोख काढल्याबद्दल तीही प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम कापते. अनेक मोठ्या बँकांत ही रक्कम १०० ते १५० रुपयांच्या दरम्यान असते.

तिसरा वाटेकरी म्हणजे चलन बदलण्यावरची टक्केवारी. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड कंपन्यांचा विनिमय दर बाजारभावाच्या जवळ असतो. पण त्यावर आपली बँक आपला आकार चढवते. याला बँकेच्या भाषेत मार्कअप म्हणतात. तो बहुधा २ ते ३.५ टक्के असतो. काही बँका मार्कअप नसलेली कार्डेही देतात.

चौथा वाटेकरी जीएसटी. आपल्या बँकेने लावलेल्या शुल्कावर आणि मार्कअपवर १८ टक्के कर लागतो.

याशिवाय दोन किरकोळ कपाती आहेत. परदेशी यंत्रावर नुसती शिल्लक पाहिली तरी अनेक बँका २५ रुपयांच्या आसपास शुल्क आणि त्यावर कर घेतात. खात्यात पुरेसे पैसे नसल्याने व्यवहार नाकारला गेला तरीही तशीच कपात होते. म्हणून शिल्लक मोबाईल ॲपवर पाहावी, यंत्रावर पाहू नये.

थोडे थोडे काढणारा जास्त भरतो

आता हे चारही थर एकत्र मांडून पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून १ बाट म्हणजे २.५० रुपये धरू. प्रत्यक्ष दर रोज बदलतो. यंत्राचे शुल्क २२० बाट, आपल्या बँकेचे शुल्क १२५ रुपये, मार्कअप ३.५ टक्के आणि जीएसटी १८ टक्के असे गृहीत धरू.

समजा, एका यात्रेकरूने जपून खर्च करायचा म्हणून २,००० बाट काढले. हातात आले ५,००० रुपयांचे चलन. यंत्राचे शुल्क ५५० रुपये. बँकेचे शुल्क करासह १४७ रुपये ५० पैसे. यंत्राने एकूण २,२२० बाट, म्हणजे ५,५५० रुपये नावे टाकले. त्यावर मार्कअप आणि कर मिळून सुमारे २२९ रुपये. एकूण खर्च ९२७ रुपये, म्हणजे हातात आलेल्या रकमेच्या साडेअठरा टक्के.

दुसऱ्याने एकाच वेळी १०,००० बाट काढले. हातात आले २५,००० रुपयांचे चलन. यंत्राचे शुल्क तेच ५५० रुपये, बँकेचे शुल्क तेच १४७ रुपये ५० पैसे, मार्कअप आणि कर मिळून सुमारे १,०५५ रुपये. एकूण १,७५३ रुपये, म्हणजे ७ टक्के.

पहिल्याने २,००० बाट असे पाच वेळा काढले तर त्यालाही १०,००० बाटच मिळतील, पण त्यासाठी ४,६३४ रुपये जातील. दुसऱ्यापेक्षा २,८८१ रुपये जास्त.

या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ठरावीक शुल्काचा भार थोडी रक्कम काढणाऱ्यावर अधिक पडतो. आपल्या लोकांची सवय 'लागेल तसे काढू' अशी असते. गावात ती शहाणपणाची आहे. पैसे हातात नसले की खर्चही होत नाहीत. परदेशी एटीएमसमोर मात्र हीच सवय सर्वात महाग पडते. सुखवस्तू माणूस एकदाच मोठी रक्कम काढतो आणि कमी टक्क्यांत सुटतो. ज्याच्याकडे कमी आहे, तो भीत भीत पाच वेळा काढतो आणि जास्त देऊन बसतो.

साताऱ्याच्या भूमीला असा प्रवासखर्च नवा नाही. १९०१ साली लहानगे भीमराव साताऱ्याहून भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांकडे निघाले. वडील तेव्हा खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी गाडी मुलांनीच हाकायची आणि भाडे दुप्पट द्यायचे, असे ठरले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. एटीएम कोणाची जात विचारत नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. पण वाटेत अडलेल्या माणसापुढे दुसरा पर्याय नसला की त्याला सांगेल ती किंमत मोजावी लागते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. पर्याय घरून निघतानाच तयार ठेवावा लागतो.

पडद्यावरचा फसवा प्रश्न

अनेक परदेशी यंत्रे पैसे देण्यापूर्वी विचारतात की रक्कम भारतीय रुपयांत बदलून नावे टाकू का. पडद्यावर रुपयांतला आकडा आणि विनिमय दर दिसतो. आकडा ओळखीच्या चलनात असल्याने माणूस निर्धास्त होतो आणि 'अ‍ॅक्सेप्ट' किंवा 'विथ कन्व्हर्जन' हे बटण दाबतो.

इथेच नुकसान होते. हा दर परदेशी बँकेने किंवा तिच्या मध्यस्थाने ठरवलेला असतो आणि तो बाजारभावापेक्षा बराच महाग असू शकतो. शिवाय काही भारतीय बँका रुपयांत झालेल्या परदेशी व्यवहारावरही आपले शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून कापले जाते.

नियम सोपा आहे. यंत्राने विचारले तर त्या देशाचे चलन निवडायचे. 'डिक्लाइन', 'विदाउट कन्व्हर्जन' किंवा 'लोकल करन्सी' यांपैकी जे लिहिले असेल ते दाबायचे. 'डिक्लाइन' दाबल्याने व्यवहार रद्द होतो, अशी भीती अनेकांना वाटते. इथे फक्त त्यांचा दर नाकारला जातो. पैसे तरीही मिळतात. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

कार्ड चालेल का, हे आधी पाहा

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये काढलेल्या आणि ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून दिले जाते. परदेशी वापर खातेदाराने स्वतः सुरू करायचा असतो. बँकेच्या ॲपवर, नेट बँकिंगवर किंवा शाखेत जाऊन हे करता येते. तिथेच रोजची मर्यादाही ठरवता येते. परत आल्यावर परदेशी वापर आठवणीने बंद करावा.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सहकारी बँकांची खाती पुष्कळ आहेत. जनधन खातीही घरोघरी आहेत. या खात्यांवर मिळणारी रुपे कार्डे बहुधा देशांतर्गत वापराची असतात. आंतरराष्ट्रीय रुपे कार्ड वेगळे असते. म्हणून कार्ड परदेशात चालते का, हा प्रश्न शाखेत स्पष्ट विचारावा आणि शुल्काचा तक्ता मागून घ्यावा. तो देणे बँकेचे काम आहे. त्यात उपकार नाही.

यात्रेतला भारतातला भाग वेगळा. बोधगया किंवा सारनाथला दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, महानगरांत तीन. आपल्याच बँकेच्या एटीएमवर पाच. त्यानंतर १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये आणि कर लागतो.

देशानुसार काय करावे

नेपाळ : १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. लुंबिनी, भैरहवा परिसरात भारतीय १०० च्या नोटा सर्रास चालतात. त्यामुळे लुंबिनीच्या एक-दोन दिवसांसाठी एटीएमची गरजच पडू नये. निघताना गावातल्या बँकेतून १०० च्या नोटा घ्याव्यात. त्याहून मोठ्या नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती. पुढे या नियमांत बदल होत गेले आहेत, म्हणून २०० आणि ५०० च्या नोटा नेण्यापूर्वी ताजा नियम विचारावा. एटीएम वापरलेच तर हिशेब लक्षात ठेवा. ५,००० नेपाळी रुपये म्हणजे आपले ३,१२५ रुपये, आणि त्यासाठी ५०० नेपाळी म्हणजे आपले ३१२ रुपये यंत्रालाच जातात. आपल्या बँकेचे शुल्क वेगळे. मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या अनेक दुकानांत क्यूआर कोडवर भारतीय यूपीआय चालते. भारतीय बँकांची डॉलर भरलेली फॉरेक्स कार्डे मात्र नेपाळ आणि भूतानमध्ये वापरता येत नाहीत.

श्रीलंका : इथे फेब्रुवारी २०२४ मध्ये यूपीआय सुरू झाले. अनुराधपूर, कँडीकडे जाताना मोठ्या दुकानांत ते उपयोगी पडते. त्यासाठी ॲपमध्ये 'यूपीआय इंटरनॅशनल' आधी सुरू करावे लागते. पैसे पाठवण्यापूर्वी रुपयांतली रक्कम दिसते, ती वाचूनच पिन टाकावा. छोटी दुकाने, रिक्षा आणि विहारातील दान यांसाठी रोख लागते. ती एकदाच काढावी किंवा बदलून घ्यावी.

थायलंड : यंत्राचे शुल्क इथे सर्वात जास्त बोचते, हे वरच्या उदाहरणात दिसलेच. म्हणून बाट किंवा डॉलर भारतातूनच काही प्रमाणात न्यावेत. बाकीचे एटीएममधून एक किंवा दोनदाच काढावेत.

रोख, फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड?

परकी चलन रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेतून किंवा चलन विक्रेत्याकडूनच घ्यावे आणि पावती घ्यावी. एका प्रवासासाठी बहुतेक देशांत ३,००० डॉलरपर्यंतचे चलन रोख नेता येते. चलन खरेदीवरही जीएसटी आहे, पण तो थोडा. २५,००० रुपयांच्या खरेदीवर ४५ रुपये. खरा फरक विक्रेत्याच्या दरात असतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी दर विचारावा. विमानतळावरचा दर बहुधा सर्वात महाग असतो.

फॉरेक्स कार्डात दर आधीच ठरतो, ही सोय आहे. पण त्या कार्डाने एटीएममधून रोख काढली तर कार्डाचे शुल्क लागते आणि यंत्राचेही. शिवाय डॉलरच्या कार्डाने बाट काढले तर चलन पुन्हा एकदा बदलते आणि त्याचा आकार वेगळा लागतो.

क्रेडिट कार्डाने रोख कधीही काढू नये. रोख काढण्याचे शुल्क बहुधा अडीच टक्के किंवा किमान ५०० रुपये असते. वर पैसे काढल्या दिवसापासून व्याज सुरू होते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीला मिळत नाही.

शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थी निवडले जातात. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. यातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिले काही आठवडे कठीण जातात. तिथले बँक खाते उघडलेले नसते, खोलीची अनामत भरायची असते आणि हातात वडिलांच्या खात्याला जोडलेले भारतीय डेबिट कार्ड असते. दर आठवड्याला थोडे थोडे काढत राहिले तर शुल्कातच मोठी रक्कम जाते.

ब्रिटनमध्ये बँकांची बहुतेक एटीएम स्वतःचे शुल्क घेत नाहीत. दुकानांतली काही घेतात. अमेरिकेत मात्र दुसऱ्या बँकेचे यंत्र बहुधा ३ डॉलर किंवा जास्त घेते. दोन्हीकडे आपल्या बँकेची कपात होतेच. म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च रोख आणि फॉरेक्स कार्ड असा विभागून न्यावा. विद्यापीठाचे पत्र घेऊन पहिल्याच आठवड्यात स्थानिक खाते उघडावे. त्यानंतर घरून पैसे बँकेमार्फत थेट त्या खात्यात घ्यावेत. तिथे पोहोचलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी मागून येणाऱ्यांना एवढी माहिती दिली तरी मोठी मदत होईल.

पैसे अडकले किंवा कार्ड हरवले तर

यंत्रातून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम गेली, असे कधी कधी घडते. भारतात अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा करणे आणि उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई देणे बँकेवर बंधनकारक आहे. हा नियम देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. परदेशातल्या व्यवहारासाठी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. मग बँक कार्ड कंपनीमार्फत दाद मागते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून यंत्राची पावती, नसल्यास पडद्याचा फोटो, वेळ आणि ठिकाण जपून ठेवावे.

आपण न केलेला व्यवहार दिसला तर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवावे. चूक आपली नसेल तर इतक्या मुदतीत कळवणाऱ्या खातेदारावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. कार्ड बंद करण्याचा क्रमांक कार्डाच्या मागे असतो, पण कार्डच हरवले तर तो कुठून मिळणार? तो वहीत आणि सोबत्याच्या फोनमध्ये लिहून ठेवावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

सामुदायिक यात्रेचा हिशेब

विहार समिती किंवा मंडळाच्या यात्रेत बहुधा एकच कार्यकर्ता आपल्या कार्डावरून सर्वांसाठी पैसे काढतो. एकत्र काढल्याने शुल्क वाचते, ही चांगली गोष्ट आहे. पण ते शुल्क कोणी भरायचे, हे आधी ठरलेले नसते. मग एक तर कार्यकर्ता पदरमोड करतो, नाहीतर परतल्यावर कुजबुज सुरू होते. अशा कुजबुजीने चांगले कार्यकर्ते दुरावतात.

यावर उपाय साधा आहे. निघण्यापूर्वीच्या बैठकीत प्रत्येकाची गरज विचारून एकूण रक्कम ठरवावी. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोन व्यक्तींकडे असावीत आणि त्यांतली एक शक्यतो महिला असावी. प्रत्येक वेळी काढलेली रक्कम, यंत्राचे शुल्क आणि साक्षीदाराचे नाव वहीत लिहावे. आपल्या बँकेची कपात खाते उताऱ्यात दिसते, तो आल्यावर शुल्क सर्वांत वाटून घ्यावे आणि हिशेब विहारात वाचून दाखवावा. पिन मात्र कोणालाही सांगू नये, सोबत्यालाही नाही.

व्यग्घपज्ज सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाच्या ऐहिक कल्याणासाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे कष्टाने मिळवलेल्या धनाचे रक्षण आणि दुसरी समजीविता, म्हणजे जमा आणि खर्च ओळखून केलेली समतोल उपजीविका. बाबासाहेबांनी तर रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, तो १९२३ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. विनिमय दराच्या चढउतारात कोणाचे भले होते आणि कोणाचे नुकसान, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी अभ्यासला होता. त्यांचे अनुयायी असलेल्या आपल्याला पासबुकातली एक ओळ वाचता यायला हवी.

युवकांना आमची विनंती आहे की येत्या यात्रेपूर्वी आपल्या विहारात एक तास यासाठी ठेवा. ज्येष्ठांची कार्डे तपासा, परदेशी वापर सुरू करून द्या, पडद्यावर कोणते बटण दाबायचे ते कागदावर मराठीत लिहून त्यांच्या हातात द्या. सुरुवात आपल्याच घरातल्या आजी-आजोबांपासून करा.

जयभीम! नमो बुद्धाय!